रविवारचा फोन

माझं लग्न अठ्ठ्याण्णव साली झालं आणि मी कराडहून रत्नागिरीला आले. त्याच वर्षी माझ्या सासऱ्यांनी वकिली सोडली. घरात आणि गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणायला लागले. लग्नाच्या मांडवात कोणीतरी म्हणालं, भाऊंनी सून आणली आणि काळा कोट खुंटीला टांगला. भाऊ हसले. त्यांचं हसणं असं होतं की समोरच्याला वाटावं, आपण काहीतरी फार छान बोललो.

सगळी हयात त्यांनी दिवाणी दाव्यांत काढली होती. भावाभावांतल्या वाटण्या, सामाईक विहिरी, एका रात्रीत सरकलेली कुंपणं. पण घरात वकिलाचा दरारा कुठे नव्हता. मे महिन्यात फणस फोडायचं काम त्यांचंच. हाताला कोपरापर्यंत खोबरेल लावून पडवीत बसायचे आणि पोरंसोरं भोवती गोळा झाली की पहिला गरा कुणाला द्यायचा यावर खोटं खोटं भांडण लावून द्यायचे. मुंबईहून कुणी येणार असलं की स्वतः रिक्षा करून स्टेशनवर जायचे. रेल्वे तेव्हा नवी होती आणि स्टेशन गावापासून लांब. गाडी उशिरा येणार हे माहीत असूनही ते वेळेआधी जाऊन बाकावर बसलेले असायचे.

पहिल्या आठवड्यात मला तिथलं जेवण जाईना. भात आणि नारळ, नारळ आणि भात. मी कुणाला काही बोलले नव्हते. एक दिवस दुपारी भाऊ घामाघूम होऊन आले आणि कागदी पुडा माझ्यापुढे ठेवला. आत जोंधळ्याचं पीठ होतं.

"तीन दुकानं पालथी घातली," ते म्हणाले. "आमच्याकडे तांदळाची भाकरी. तुम्हा घाटावरच्यांना ती चालायची नाही. कर आज तुझ्या पद्धतीनं. आम्हीही खाऊन बघतो."

मी भाकऱ्या थापल्या. त्यांनी दोन खाल्ल्या आणि पोटाला जड झाल्या म्हणून संध्याकाळी जेवले नाहीत. पण पीठ मात्र पुढे कधी संपू दिलं नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, त्यांच्या शेजारी सतत असायच्या. भाऊंकडे जुने पक्षकार अजूनही सल्ला विचारायला यायचे. पालीकडचे, कुणी आणखी आतल्या गावांतले. ते पडवीत बसून बोलायला लागले की आई दारात उभ्या राहायच्या आणि त्यांचं बोलणं पुन्हा बोलायच्या.

"म्हणजे चुलत्यानं बांध सरकवला म्हणता?"

"होय काकू."

"आणि मोजणीवाला अजून आलाच नाही?"

"तेच तर सांगतोय."

मग भाऊ बोलायचे. जेवताना तेच, पाहुण्यांत तेच. आईंना मध्ये मध्ये बोलायची सवय आहे, असं सगळे म्हणायचे. थोरले दीर त्यांची नक्कल करायचे आणि त्या स्वतःही हसायच्या. मलाही सुरुवातीला वाटायचं, या बाई नवऱ्याला जरा सुखानं बोलू देत नाहीत.

दोन हजार एक साली आई गेल्या. काविळीचं निमित्त झालं, महिनाभरही आजारी नव्हत्या. भाऊ दिवसकार्यात नीट वावरले. आल्यागेल्याची चौकशी केली, भटजींना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले. त्यानंतर मात्र हळूहळू गप्प होत गेले. कुणी बोललं तर मान हलवायचे, हसायचे. पडवीत पक्षकार आला तर म्हणायचे, "आता मी सगळं विसरलो रे, कुणा तरुण वकिलाकडे जा." लोक यायचे कमी झाले. फोनही घेईनासे झाले. मुंबईहून दीर चिडून विचारायचे, भाऊ आमच्याशी बोलत का नाहीत? माझे मिस्टर म्हणायचे, आईच्या जाण्याचा धक्का आहे, वेळ द्या. आम्ही वेळ दिला. घरात आम्ही तिघं, आणि आमची मुलगी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. तिला आजोबांशी बोलायचं असलं की त्यांच्या मांडीवर चढून दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरायची आणि तोंड आपल्याकडे वळवून घ्यायची. आम्हाला ते लाडाचं वाटायचं.

एकदा दुपारी मी मुलीला बालवाडीतून घेऊन येत होते. फाटकापाशीच फोनची घंटा ऐकू आली. मी पाय उचलला. पडवीत पोचले तर भाऊ आतल्या टेबलाशी पेपर वाचत बसलेले, आणि फोन त्यांच्या कोपराजवळ वाजत होता. मी दारातच थांबले. घंटा बंद झाली. पुन्हा सुरू झाली. भाऊंनी शांतपणे पान उलटलं. नजर वर झाली तेव्हा त्यांना मी दिसले.

"आलीस? अगो, एवढ्या उन्हाची चालत कशाला आलीस? रिक्षा करायची."

मी जाऊन फोन उचलला. मुंबईहून दीर होते.

"केव्हापासून लावतोय. भाऊ घरात नाहीत का?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. "अंघोळीला गेलेत," मी म्हणाले.

जेवणं झाली, मुलगी झोपली, तेव्हा मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.

"भाऊ, तुम्हाला फोनची घंटा ऐकू येत नाही?"

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उजव्या कानानं काहीच नाही. डाव्यानं थोडं. तुझ्या सासूचा आवाज यायचा."

"केव्हापासून?"

"झाली की वर्षं. कोर्टात होतो तेव्हापासून. शेवटी शेवटी साक्षीदार काय म्हणतो ते मी त्याच्या ओठांवरून ओळखायचो. मग एक साक्षीदार असा आला, त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या. काय बोलतोय काही कळेना. ज्युनियरला विचारावं तर तो बिचारा कुजबुजणार. त्या दिवशी घरी आलो आणि हिला सांगितलं, बास झालं." ते थोडं हसले. "पावसाळ्यात बरं असायचं. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की जज्जसाहेबांपासून सगळे ओरडूनच बोलायचे. मग मला सगळ्यांइतकंच ऐकू यायचं."

"आणि घरात कुणालाच माहीत नाही?"

"तिला माहीत होतं."

आई दारात उभ्या राहून माणसांची वाक्यं पुन्हा का बोलायच्या ते तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं सगळे त्यांना हसले आणि त्यांनी ते हसणं चालवून घेतलं. भाऊ म्हणाले, "मुलांना सांगू नकोस."

"का पण?"

"आधी मोठ्यानं बोलतील. मग मोठ्यानं बोलायचा कंटाळा येईल, म्हणून थोडक्यात बोलतील. आणि मग बोलणारच नाहीत. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही तेच केलं."

मी कबूल केलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी समोर बसून, तोंड उजेडाकडे ठेवून बोलायला शिकले. माझे माहेरचे शब्द त्यांना ओठांवरून पटकन ओळखू यायचे नाहीत. "तुमचं घाटावरचं बोलणं ऐकायलाच अवघड, आता बघायलाही अवघड," असं म्हणायचे. पण आमचं जमलं. दुपारी भांडी आवरली की मी त्यांना सगळं सांगायचे. शेजारी काय झालं, बाजारात कोण भेटलं, मुलगी काय बोलली. ते मन लावून बघायचे. मिस्टर बँकेतून यायचे ते दमलेले. आले की बातम्या लावून बसायचे. त्यांना संशय आला असेल, पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात सगळे आले. दीर, जाऊबाई, त्यांची मुलं, डोंबिवलीहून नणंद. घर भरलं. भाऊ सगळ्यांच्या मध्ये बसलेले असायचे आणि कुणी हसलं की हसायचे, फक्त इतरांपेक्षा किंचित उशिरा. मला आता ते दिसत होतं आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. इतकी माणसं, सगळी त्यांच्यावर जीव टाकणारी, आणि ते त्यांच्यात काचेपलीकडे बसल्यासारखे.

एका संध्याकाळी नणंद त्यांच्याजवळ पडवीत जाऊन बसली. मी आत तांदूळ निवडत होते. ती त्यांच्या शेजारी बसली होती, समोर नाही. आणि मान खाली घालून, हळू आवाजात बोलत होती. तिच्या मिस्टरांची कंपनी बंद पडली होती. सहा महिने ते घरीच होते, कुणाशी बोलत नव्हते, तिलाही कुणाला सांगू देत नव्हते. तिनं ते पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर वडिलांना.

बोलून झाल्यावर तिनं वर बघितलं. भाऊंना तिचा चेहरा तेव्हा दिसला. काहीतरी बोलून झालंय एवढंच त्यांना कळलं असावं.

"वा," ते म्हणाले. "छान झालं. उत्तम."

ती उठून थेट स्वयंपाकघरात आली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. "वहिनी, हे असे कधी नव्हते गं," एवढंच म्हणत राहिली. मी तिला सांगून टाकलं. दुसरं काय करणार होते? तिनं डोळे पुसले, पुन्हा पडवीत गेली, स्टूल ओढून त्यांच्या अगदी पुढ्यात बसली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश. भाऊंनी तिचा हात धरला. ती बोलायची थांबल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. मग आत माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला कळलं. दीर हळहळले. आईची नक्कल आठवून असेल, दिवसभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी मुंबईहून कानाचं मशीन पाठवलं, चांगलं महागाचं. भाऊंनी ते इमानानं लावून बघितलं. "पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, कावळा ऐकू येतो," ते म्हणाले. "माणसं तेवढी येत नाहीत." डॉक्टरांनी दोनदा बसवून दिलं, तरी ते शीळ घालायचं. शेवटी डबीतच राहिलं.

आणि मग भाऊ म्हणाले होते तसंच झालं. आधी सगळे मोठ्यानं बोलायचे. गणपतीला आले तेव्हा थोडक्यात बोलायचे. जेवलात? औषध घेतलंत? बरं आहे ना? भाऊ मान हलवायचे. कुणाचा दोष होता असं मला वाटत नाही. ओरडून प्रेमाचं बोलता येत नाही, एवढंच.

दोन हजार चार साली मिस्टरांची खेडला बदली झाली. भाऊंनी आमच्याबरोबर यावं म्हणून आम्ही खूप विनवण्या केल्या. ते नाही म्हणाले. इथं मला कोणत्या वाटेनं कोण येतं ते माहीत आहे, म्हणाले, तिथं रस्त्यावर मागून गाडी आली तरी कळायची नाही. स्वयंपाकाला बाई लावली. शेजारच्या काकू दिवसातून एकदा डोकावून जायला कबूल झाल्या. निघायच्या आदल्या दिवशी भाऊंनी मला बोलावलं.

"रविवारी सकाळी मी फोन करीन. घंटा वाजली की लगेच उचल. मी जरा थांबून बोलायला सुरुवात करीन."

"पण मी काय बोलले ते तुम्हाला कसं कळणार?"

"नाही कळणार. तू नुसतं ऐक. इकडे आलीस की बोल."

तसा दर रविवारी फोन यायचा. "मी भाऊ बोलतोय," अशी सुरुवात. मग आठवड्याच्या बातम्या. परसातल्या पेरूला वटवाघळं लागली. स्वयंपाकाच्या बाईंनी आमटीत गूळ जास्त घातला, त्यांना सांगितलं नाही. मांडवीला समुद्रावर फिरायला गेलो होतो, वारा फार होता. जुने मित्र एकेक जात होते, तेही एका वाक्यात सांगायचे. मध्येच विचारायचे, "बाळ बरी आहे ना?" आणि थांबायचे. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मी सांगायचे, "बरी आहे भाऊ, शाळेत जाते, तुमची आठवण काढते." तिकडून आवाज यायचा, "बरं, बरं." मग पुढची बातमी. शेवटी "ठेवतो," म्हणायचे आणि ठेवायचे.

मला नवं गाव, ओळखी नाहीत, मिस्टर दिवसभर बँकेत आणि मुलगी शाळेत. आठवड्यात माझ्याशी इतका वेळ बोलणारं माणूस तेच एक होतं, आणि माझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. महिन्यातून एकदा आम्ही रत्नागिरीला जायचो. तेव्हा मी समोर बसून चार आठवड्यांचं बोलणं एकदम करायचे.

पुढच्या पावसाळ्यात खेडच्या जगबुडी नदीला पूर आला. बाजारपेठेत पाणी शिरलं, आमच्या खालच्या खोल्यांतही आलं. आम्ही घरमालकांच्या माडीवर जाऊन बसलो. वीज गेली, फोन बंद पडले, एसटी बंद, गाड्याही बंद. खाली पाण्यातून भांडी वाहत गेलेली मी वरून बघितली. पाणी उतरल्यावर घरभर गुडघाभर चिखल. तो काढण्यात आणि अंथरुणं वाळवण्यात दिवस गेले. रत्नागिरीला निरोप पाठवायला काही साधन नव्हतं. रस्ता सुरू झाल्याबरोबर मी मुलीला घेऊन पहिली एसटी पकडली.

फाटकाशी शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "अगो, पेपरात पुराचं वाचल्यापासून तुमचे भाऊ रोज फोनवर बोलत होते. सकाळ-संध्याकाळ. मी खुणेनं सांगितलं, लाईन बंद आहे म्हणून. त्यांना वाटलं मी काही भलतंच सांगतेय. मग म्हटलं, बोलू देत."

फोन लागला की नाही, हे कळायला कान लागतात. भाऊंना ते कळायचा मार्गच नव्हता. ते नंबर फिरवायचे, नेहमीसारखे थोडं थांबायचे आणि बोलायचे.

मी आत गेले. भाऊ उठून उभे राहिले. मुलीला उचलायचा प्रयत्न केला, ती आता जड झाली होती. माझ्याकडे नीट निरखून बघितलं, हातपाय शाबूत आहेत ना अशा नजरेनं.

"मी सांगितलं तसं माडीवर गेलात ना?"

मी मान हलवली. "हो भाऊ. तुम्ही सांगितलंत तसंच केलं."

"पोरीला कोरडे कपडे घाल म्हटलं होतं."

"घातले."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि खाली बसले. मी चहा करायला आत गेले आणि पातेलं चुलीवर ठेवून तशीच उभी राहिले. त्यांनी आठवडाभर मेलेल्या तारेत आम्हाला धीर दिला होता आणि आम्ही तो घेतला असं समजून ते झोपत होते. मिस्टरांनाही मी हे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. भाऊंना कधीच नाही.

त्यानंतर ते दीड-दोन वर्षं होते. एका हिवाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. बाई चहा घेऊन गेल्या तेव्हा त्यांना कळलं. आम्ही पोचलो तोवर काकूंनी समई लावून ठेवली होती. दीर आले, नणंद आली, तिचे मिस्टरही आले. त्यांना आता दुसरीकडे काम मिळालं होतं. गावातून इतकी माणसं लोटली की अंगण पुरलं नाही. पालीकडचे पक्षकार तर होतेच, पण ज्यांच्याविरुद्ध भाऊंनी दावे लढवले होते तेही आले होते.

दिवस झाल्यावर वकील मंडळींनी कोर्टाच्या आवारात शोकसभा घेतली. आम्ही सगळे पुढच्या रांगेत बसलो. एकेक जण उठून बोलला. कुणी त्यांच्या उलटतपासणीबद्दल, कुणी त्यांनी बाहेरच्या बाहेर मिटवलेल्या भांडणांबद्दल. एक वयस्क वकील म्हणाले, "समोरच्याचं बोलणं एवढं मन लावून ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही बोलत असताना त्यांची नजर तुमच्या चेहऱ्यावरून हलायची नाही." माना हलल्या. माझ्या शेजारी दीर होते. त्यांनी मान खाली घातली. मिस्टरांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि बसले.

दुसऱ्या दिवशी मी नणंदेला स्टेशनवर पोचवायला गेले. तिचे मिस्टर पाण्याची बाटली आणायला गेले होते. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. फलाटावर फारसं कुणी नव्हतं. तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले.

"वहिनी, तू सर्वांत जवळ होतीस, म्हणून विचारते," ती म्हणाली. "आम्ही सगळे होतो तरी भाऊ एकटेच होते का गं?"

तिला बरं वाटेल असं काही सांगता आलं असतं. पण ती माझ्या समोर तोंड करून, नीट बघत विचारत होती.

"हो," मी म्हणाले. "एकटेच होते. आणि आपल्याला जेवढं जमलं तेवढं आपण त्यांच्यापाशी होतो."

गाडी यायला अजून वेळ होता. आम्ही तशाच बसून राहिलो.